‘असेल’, ‘असावे’ आणि ‘म्हणे’ : अनिश्चित गोष्ट प्रामाणिकपणे कशी बोलावी

शाळेत आपण मुलांना उत्तरे शिकवतो. उत्तर बरोबर असते किंवा चूक असते आणि त्याप्रमाणे गुण मिळतात. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर माणसाला रोज जे बोलावे लागते, त्यातील मोठा भाग अजून न ठरलेल्या किंवा पुरत्या माहीत नसलेल्या गोष्टींविषयी असतो. यंदा पाऊस वेळेवर येईल का, मुलीला बारावीनंतर कोणत्या शाखेला घालावे, गावात पसरलेली बातमी खरी आहे का, येत्या रविवारी वसतिगृहात मुलाला भेटायला जाता येईल का, या प्रश्नांना ठाम उत्तर नसते. तरी त्यांविषयी बोलावे मात्र लागते.

अशा वेळी आपण कसे बोलतो आणि कसे बोलले पाहिजे, याचा थोडा अभ्यास या लेखात आम्ही मांडत आहोत. पंचशीलातील चौथे शील आपण सर्व जण म्हणतो. खोटे आहे हे ठाऊक असताना ते खरे म्हणून सांगणे, एवढाच असत्याचा अर्थ आपण सामान्यतः घेतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगणे हीदेखील त्याच वाटेवरची पायरी आहे, असे आम्हांस वाटते. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्याच जोराने बोलणे हा सत्य बोलण्याचाच भाग आहे, आणि त्यासाठी लागणारी सर्व साधने आपल्या मराठीत आधीपासून आहेत.

१. बेत सांगण्याची भाषा

उद्याच्या येण्याविषयी मराठीत किती तऱ्हांनी बोलता येते ते पाहा. ‘मी उद्या येतो.’ ‘मी उद्या येणार आहे.’ ‘मी उद्या येईन.’ ‘उद्या यावे म्हणतो.’ ‘उद्या यायचा विचार आहे.’ ‘जमले तर उद्या येतो.’ ‘बघू उद्याचे उद्या.’ क्रिया तीच आणि दिवसही तोच, परंतु ऐकणाऱ्याच्या पदरात पडणारा भरवसा प्रत्येक वाक्यागणिक वेगळा आहे.

‘येतो’ हे व्याकरणाने वर्तमानकाळाचे रूप. तरीही उद्याच्या गोष्टीसाठी ते वापरले की बोलणारा शब्द देत असतो. ‘येणार आहे’ म्हणणाऱ्याचा बेत ठरलेला असतो. कदाचित गाडीचे आरक्षणही झालेले असते. ‘येईन’ हे खरे भविष्यकाळाचे रूप, पण बोलण्यात त्याच्यामागे एक न उच्चारलेला ‘जमले तर’ पुष्कळदा लपलेला असतो. म्हणूनच घरातील वडीलधारी माणसे हटकतात, ‘येईन नको, येतो म्हण.’ ‘यावे म्हणतो’ यात इच्छा आहे, निर्णय नाही. ‘विचार आहे’ यात इच्छाही अर्धीच. आणि ‘बघू’ या शब्दात काहीही मावते. पुष्कळदा तो सभ्यपणे दिलेला नकारच असतो.

मोठी माणसे हे फरक सवयीने ओळखतात. लहान मुलांचे तसे नसते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला वडील फोनवर ‘बघू, रविवारी जमतंय का’ असे म्हणतात, तेव्हा त्याच्या कानी ‘रविवार’ एवढाच शब्द पोहोचतो. तो सोबत्यांना सांगतो, ‘माझे बाबा रविवारी येणार आहेत.’ मग रविवारी दिवसभर त्याचे लक्ष फाटकाकडे लागून राहते.

येथे दोष कोणाचा, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या पालकाला रविवारची सुटी मिळेल की नाही, हे शनिवारपर्यंत खरोखरच कळत नाही. ‘येतो’ असा शब्द तो प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. परंतु ‘बघू’ म्हणून थांबण्याऐवजी तो असे म्हणू शकतो : ‘मुकादमाने सोडले तर येतो. शनिवारी संध्याकाळी अधीक्षकांच्या फोनवर तुला नक्की काय ते कळवतो. नाही जमले तर पुढच्या रविवारी तुझी आई येईल.’ अनिश्चितता या बोलण्यातही तेवढीच आहे. पण ती कशामुळे आहे आणि केव्हा संपेल, हे मुलाला कळले. त्याला वाट पाहावी लागेल ती शनिवार संध्याकाळपर्यंत.

यातून बेत सांगण्याचा एक साधा नियम निघतो. बेत पक्का नसेल तर तीन गोष्टी सांगाव्यात : तो कशावर अवलंबून आहे, पक्के केव्हा कळेल आणि न जमल्यास दुसरे काय. हा नियम माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यालाही लागू पडतो. ‘पुढच्या वर्षी शाळेसाठी काहीतरी करू’ या वाक्यात जिव्हाळा खरा असतो. परंतु ग्रंथालयाची कपाटे किती घ्यावीत, याचा हिशेब त्यावर मांडता येत नाही. ‘यंदा जमणार नाही’ हे स्पष्ट उत्तर किंवा ‘जूनमध्ये बढती झाली तर एका कपाटाचा खर्च देतो’ हे अटीसह दिलेले आश्वासन, ही दोन्ही शाळेच्या अधिक उपयोगाची आहेत.

२. समजूत सांगण्याची भाषा

बेत आपल्या हातात काही अंशी तरी असतो. समजुतीचे तसे नाही. एखादी गोष्ट घडली की नाही, हे आपल्या इच्छेवर ठरत नाही. ती आपल्याला कशी कळली, एवढेच आपण सांगू शकतो. मराठी क्रियापदाची रूपे नेमके हेच काम करतात.

समजा, सकाळी दार उघडले तर अंगण ओले आहे. ज्याने रात्री जागे असताना सरी पाहिल्या तो म्हणेल, ‘रात्री पाऊस पडला.’ जो झोपला होता आणि आता ओले अंगण पाहतो आहे तो म्हणेल, ‘पाऊस पडलेला दिसतो’ किंवा ‘पाऊस पडला असावा.’ ज्याला या तर्काची मनोमन खात्री आहे तो म्हणेल, ‘पडला असणार.’ ज्याने अंगण पाहिलेच नाही, नुसता अंदाज बांधला, तो म्हणेल, ‘पडला असेल.’ ज्याला शेजाऱ्याने सांगितले तो म्हणेल, ‘पाऊस पडला म्हणे.’ आणि ‘पाऊस पडला असता तर अंगण ओले झाले असते,’ असे कोणी म्हणाला तर पाऊस पडलाच नाही, हे आपण लगेच समजतो.

क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ मुले व्याकरणाच्या तासाला पाठ करतात. ‘असावा’ हे विध्यर्थाचे रूप तर्क दाखवते आणि ‘असता तर’ हा संकेतार्थ अट दाखवतो, हे त्यांना परीक्षेपुरते ठाऊक असते. परंतु ही रूपे केवळ गुणांसाठी नाहीत. पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले यांची गल्लत होऊ नये म्हणून भाषेने घालून दिलेले हे बांध आहेत.

‘नक्की’, ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘क्वचित’ ही अव्ययेही अशीच. ‘बहुधा’ म्हणजे न होण्यापेक्षा होण्याचा संभव अधिक. ‘कदाचित’ म्हणजे होईलही, न होईलही. या दोन शब्दांची अदलाबदल केली की वाक्य तेच राहते, पण त्यावर विसंबणाऱ्याचा निर्णय बदलतो. ‘बहुधा अर्जाची मुदत वाढेल’ असे कोणी सांगितले, तर विद्यार्थी निवांत राहतो. ‘कदाचित वाढेल’ असे सांगितले, तर तो आजच अर्ज भरून टाकतो.

३. ‘म्हणे’चे मोल

या सर्वांत लहानसा, पण सर्वांत उपयोगी शब्द ‘म्हणे’ हा होय. वाक्याच्या शेवटी तो आला की बोलणाऱ्याने स्पष्ट केले : हे मी पाहिलेले नाही, दुसऱ्याने सांगितलेले पुढे सांगतो आहे. पाली भाषेत हेच काम ‘किर’ हा शब्द करतो. संस्कृतात त्याचे रूप ‘किल’. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्यात केवळ ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट स्वीकारू नये अशा दहा बाबी सांगितल्या आहेत. कर्णोपकर्णी आलेले, परंपरेने आलेले, ग्रंथात आहे म्हणून मानलेले, नुसत्या तर्काने काढलेले, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून मान्य केलेले, अशा त्या बाबी आहेत. त्यांतील एक ‘इतिकिरा’ ही आहे. तिचा सरळ मराठी अर्थ ‘असे म्हणे’ असाच होतो.

म्हणजे ‘म्हणे’ हा शब्द वाईट आहे, असे नव्हे. सुत्तांचा आरंभच ‘असे मी ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी होतो. सांगणारा प्रथम आपल्या ज्ञानाचा स्रोत सांगतो आणि मग विषयाकडे वळतो. अडचण ‘म्हणे’ म्हणण्यात नाही. ‘म्हणे’ गळून पडण्यात आहे.

तो कसा गळतो, ते सर्पदंशाच्या उदाहरणावरून कळते. अनेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो अंगात पुरेसे विष सोडतोच असे नाही. असा दंश झालेला माणूस मांत्रिकाकडे जातो आणि बरा होतो. तो कसाही बरा होणारच होता. पाहणारा घरी येऊन सांगतो, ‘मंत्राने विष उतरले म्हणे.’ दुसऱ्या गावात पोहोचेपर्यंत त्याचे ‘मंत्राने विष उतरते’ असे होते. ‘म्हणे’ गेला आणि ऐकीव गोष्टीचा नियम झाला. पुढे नागाचा किंवा मण्यारीचा दंश झालेले एखादे मूल त्या नियमावर विसंबून मांत्रिकाच्या दारी बसवले जाते आणि दवाखान्यात प्रतिविष देण्याची वेळ टळून जाते. दोन अक्षरांच्या शब्दाची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

हल्ली मोबाईलवर येणाऱ्या संदेशांत ‘म्हणे’ बहुधा नसतोच. पाठवणाऱ्याने ते कोठे वाचले, त्याने ते तपासले का, याचा मागमूस नसतो. असा संदेश पुढे पाठवण्याआधी त्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडून पाहावे. मग पाठवावासा वाटला तर तो शब्द प्रत्यक्ष लिहूनच पाठवावा.

४. शब्दांचे माप

‘शक्यता आहे’ असे म्हणताना आपल्या मनात किती शक्यता असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात किती उतरते, हा आणखी एक प्रश्न. याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. 1951 साली युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याचा संभव किती, याविषयी तेथील गुप्तचर यंत्रणेने सरकारसाठी एक अहवाल तयार केला. आक्रमणाची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यात म्हटले होते. या कामातील प्रमुख अधिकारी शर्मन केंट यांना एका वरिष्ठाने त्या शब्दांचा अर्थ विचारला. केंट यांच्या मनात 65 विरुद्ध 35 असे प्रमाण होते. विचारणाऱ्याने ते पुष्कळच कमी धरले होते. मग केंट यांनी अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारले, तेव्हा कोणाच्या मनात 20 विरुद्ध 80, तर कोणाच्या मनात 80 विरुद्ध 20 असे प्रमाण निघाले. सर्वांनी एकाच वाक्याला संमती दिली होती. अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा होता. पुढे 1964 साली केंट यांनी याच अनुभवावरून शक्यतेच्या शब्दांना आकड्यांची मापे देण्याविषयी लेख लिहिला. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत आज असेच माप पाळले जाते. तेथे ‘संभाव्य’ म्हणजे किमान 66 टक्के आणि ‘अतिसंभाव्य’ म्हणजे किमान 90 टक्के.

आपल्या जवळचे उदाहरण भारतीय हवामान विभागाचे आहे. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या उपविभागांसाठी रोजचा अंदाज प्रसिद्ध होतो. त्यात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द असतात. ते सैल बोलणे नव्हे. त्या उपविभागातील 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, 26 ते 50 टक्के असेल तर ‘काही’, 51 ते 75 टक्के असेल तर ‘बऱ्याच’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश’ असा शब्द योजतात. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ या अंदाजाचा अर्थ असा की चारपैकी तीन किंवा त्याहून अधिक ठिकाणे कोरडी राहण्याची अपेक्षा आहे. हे माप ठाऊक नसलेला शेतकरी ‘पाऊस सांगितला होता’ एवढेच लक्षात ठेवून पेरणी करतो आणि दुबार पेरणीच्या संकटात सापडतो. मग दोष अंदाजाला दिला जातो. सांगणाऱ्याने शब्द मापून वापरणे जसे आवश्यक, तसे ऐकणाऱ्याने ते माप शिकून घेणेही आवश्यक आहे. हे शिक्षण शाळेतच होऊ शकते.

५. सत्य राखणे

मतांविषयी आणि श्रद्धांविषयी बोलताना काय करावे? याचे फार नेमके उत्तर मज्झिमनिकायातील चंकी सुत्तात आहे. कोसल देशातील ओपासाद गावी कापटिक नावाचा सोळा वर्षांचा तरुण भगवान बुद्धांना विचारतो की सत्य राखले जाते ते कसे. सोळा वर्षांचा म्हणजे आपल्याकडच्या दहावी-अकरावीच्या वयाचा. त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा. एखाद्याची श्रद्धा असेल, तर त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ असे म्हणावे. एवढ्याने तो सत्य राखतो. पण तेवढ्यावरून ‘हेच खरे, बाकी सर्व खोटे’ असा निष्कर्ष त्याने काढू नये. आवडीने मानलेल्या, परंपरेने ऐकलेल्या, विचारांती पटलेल्या मतालाही हाच न्याय लागतो. याच सुत्तात, पाहिल्यावाचून एकमेकांच्या आधाराने चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टान्तही येतो. सत्य राखणे ही पहिली पायरी आहे. सत्य शोधणे आणि आचरणाने ते प्राप्त करणे या पुढच्या पायऱ्या आहेत, असेही तेथे सांगितले आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आहे. बुद्धांच्या नावावर सांगितले जाणारे वचन खरोखर त्यांचे आहे का, हे ओळखण्याच्या कसोट्या त्यांनी दिल्या आहेत. त्यांतील एक कसोटी आपल्या विषयाची आहे. बुद्धांनी विषयांचे दोन वर्ग केले : ज्यांविषयी त्यांना निश्चिती होती ते आणि ज्यांविषयी नव्हती ते. पहिल्या वर्गाबद्दल ते निर्णायकपणे बोलले. दुसऱ्या वर्गाबद्दल त्यांनी मांडलेली मते तात्पुरती होती. शास्त्याच्या थोरवीला या फरकाने उणेपणा येत नाही, उलट शब्दाची ओळख पटवायला तो उपयोगी पडतो, असे बाबासाहेबांच्या विवेचनातून दिसते.

६. ‘बघू’ची आड

अनिश्चिततेचे शब्द प्रामाणिकपणासाठी आहेत. पण त्यांच्या आड लपताही येते. ब्रह्मजाल सुत्तात अशा वादकांचे वर्णन आहे की जे कोणत्याही प्रश्नाला ‘असेही म्हणत नाही, तसेही म्हणत नाही’ अशा पद्धतीने बगल देतात. त्यांच्या बोलण्याला ‘अमराविक्षेप’ म्हणतात. हातातून निसटणाऱ्या बुळबुळीत माशासारखी वळवळ, असा त्याचा भाव आहे. काहींना चूक ठरण्याची भीती असते, काहींना उलटतपासणीची, तर काहींची समजच मंद असते, अशी त्याची कारणेही तेथे सांगितली आहेत.

आपल्या व्यवहारातही हे घडते. ठरावावर मत विचारले की ‘बघू, विचार करू’ असे उत्तर येते. उधार परत मागितली की ‘होईल काहीतरी’ असे येते. येथे मनात उत्तर तयार असते, ते सांगायचे नसते. पुरावा पुरेसा असतानाही ‘कोण जाणे’ म्हणणे हासुद्धा असत्याचाच प्रकार होय. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपचार आहे, हे ‘असेल बहुधा’ म्हणून सांगायचे नसते. ठामपणेच सांगायचे असते. जेथे आधार पक्का, तेथे शब्दही पक्का हवा.

७. घरी, वर्गात आणि वस्तीत

आपल्या समाजातील पुष्कळ मुले ही घरातील शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी आहे. वर्गात ‘मला माहीत नाही’ किंवा ‘मला असे वाटते, पण खात्री नाही’ असे म्हणण्याची त्यांना भीती वाटते; ती कबुली आपल्या घराण्याच्या नावावर लिहिली जाईल, असे त्यांना वाटते. म्हणून ती गप्प राहतात किंवा पाठ केलेले ठामपणे म्हणून दाखवतात. ‘खात्री नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकाने ‘कशावरून वाटते?’ असे विचारावे आणि त्याने दिलेल्या कारणाचे कौतुक करावे. पालकांनीही मुलाच्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही, तू शोध आणि मलाही सांग’ असे म्हणावे. यात कमीपणा नाही.

शेवटी सरावासाठी काही कृती देत आहोत. घरातील लहानथोरांनी मिळून त्या कराव्यात.

एक : आज ऐकलेल्या तीन बातम्या लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ‘पाहिले’, ‘ताडले’ की ‘ऐकले’ हे नोंदवावे.

दोन : ‘शाळेला सुटी आहे’ हे वाक्य ‘असावी’, ‘असेल’, ‘असणार’ आणि ‘म्हणे’ वापरून चार प्रकारे लिहावे, प्रत्येक वाक्य कोण, कोणत्या आधारावर बोलेल ते सांगावे.

तीन : ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ यांना घरातील प्रत्येकाने शंभरपैकी किती ते आकडे मनाशी द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. फरक पाहून नवल वाटेल.

चार : या आठवड्यात आपण ज्यांना ‘बघू’ म्हटले त्यांची आठवण करावी. त्यांतील ज्यांना नकार द्यायचा होता त्यांना नम्रपणे नकार कळवावा; ज्यांना होकार द्यायचा आहे त्यांना अट आणि दिवस सांगावा.

चौथी कृती सर्वांत अवघड आहे. पण तिची सुरुवात वसतिगृहात फोन करून करता येईल. येत्या रविवारी जमणार असेल तर मुलाला ‘येतो’ म्हणावे. जमणार नसेल तर तसे आजच सांगावे.